चार इंच सैल

माझ्या दुकानातून गेलेला कपडा तीस वर्षांत एकदाही परत आलेला नाही. हे मी सांगत नाही, गाव सांगतं. मी फक्त गावाला अडवत नाही. बाकीचे टेलर कच्ची शिलाई मारून गिऱ्हाइकाला दोन-दोनदा बोलावतात, टाचण्या टोचतात, खडूने रेघोट्या ओढतात. मी एकदा माप घेतो, वहीत लिहितो आणि कापड बेततो. जुन्या गिऱ्हाइकाचं तर पुन्हा मापही घेत नाही. वहीचं पान उघडायचं आणि कात्री चालवायची, की झालं. लोक मला मास्तर म्हणतात ते उगाच नाही, अशी माझी समजूत होती. या समजुतीने एका चांगल्या बाईची कशी वाट लागली, ते सांगायला बसलोय.

त्या म्हणजे पोस्टातल्या बाई. चौतीस वर्षं त्या पोस्टाच्या खिडकीमागे बसल्या. कोणाचं पत्र आलं, कोणाचं येत नाही, कोण कोणाला लिहितं, सगळं त्यांना ठाऊक, पण त्यातलं एक अक्षर कधी खिडकीबाहेर आलं नाही. निवृत्त झाल्यावर माणसं झाडांना पाणी घालतात. बाई नगरपालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या.

कारण एकच होतं, वॉर्डातला दवाखाना. सहा खाटा, एक डॉक्टर, एक नर्स आणि कायम ओला असणारा व्हरांडा, एवढाच तो. पण आमची सगळ्यांची हाडं तिथेच बसवली गेली आणि आमची पोरं तिथेच जन्मली. आमचा नगरसेवक धंद्याने कंत्राटदार. त्याला ती जागा पाडून दुकानं काढायची होती. दवाखाना वर तिसऱ्या मजल्यावर ठेवू म्हणाला. लिफ्टचं विचारलं तर म्हणाला, नंतर. त्याचं ‘नंतर’ वॉर्डाने दहा वर्षं पाहिलं होतं, त्यामुळे या वेळी बाईच निवडून येणार हे लहान पोरालाही सांगता आलं असतं.

प्रचाराच्या आधी बाई दुकानात आल्या. “मास्तर, तीन कोट हवेत. तीन आठवडे दारोदार हिंडायचंय. एकाच कोटात हिंडले तर लोक म्हणतील, हिच्याकडे दुसरा नाहीच.”

“होऊन जाईल.”

त्यांनी हात पसरले, मापासाठी. मी टेपला हातही लावला नाही. “बाई, तुमचं माप आहे माझ्याकडे.”

“दोन वर्षं झाली हो त्याला.”

“दोन वर्षांत तुम्ही काय बदलणार?”

बाई खूश झाल्या. मीही खूश झालो. जुनी वही तेव्हा पार सुटली होती, पानं हातात यायची, म्हणून बायकोने नवी वही करायला घेतली होती. बायकोचं अक्षर टपोरं आहे, माझ्यासारखे मुंगीचे पाय नाहीत. पहिली सात-आठ पानं तिने उतरवून काढली होती आणि त्यात बाईंचं पान होतं. मी नवी वही उघडली, तीन कोट बेतले आणि आठवड्यात शिवून ठेवले.

पहिल्या सभेच्या दिवशी सकाळी बाई घाईघाईने आल्या आणि राखाडी कोट दुकानातच चढवून आरशासमोर उभ्या राहिल्या. खांदे घसरलेले, कॉलर मानेपासून सुटलेली, बाह्या पार बोटांवर. कोट बाईंनी घातला नव्हता, बाई कोटात उभ्या होत्या.

“हा जरा सैल नाही वाटत, मास्तर?”

मला दिसलं. आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बाकड्यावर शेजारचा सलूनवाला बसला होता, पँटची चेन बदलून घ्यायला आलेला, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते कुठल्याही टेलरच्या तोंडून निघतं. आमच्या धंद्यात कपडा कधी चुकत नाही, चुकतं ते गिऱ्हाइकाचं अंग.

“कोट बरोबर आहे,” मी म्हणालो. “तुम्ही उतरलात, बाई.”

“असं? मग बरंच झालं की. जिने चढायला सोपं,” बाई हसत म्हणाल्या आणि उरलेले दोन कोट हातावर टाकून सभेला गेल्या.

सलूनवाल्याने त्यांच्या पाठीकडे बघितलं. “बऱ्याच उतरल्या का हो?”

इथे तरी गप्प बसायचं. पण माणसाला आपली नजर मिरवायची हौस असते. “छातीत चार इंच,” मी म्हणालो. “बघून सांगतो. टेप लावायची गरज नाही.”

सलूनवाल्याला मी दोष देत नाही. तो खोटं काहीच बोलला नाही. मास्तर म्हणाले, बाई चार इंच उतरल्या, एवढंच त्याने दिवसभर सांगितलं. फक्त गळ्याशी वस्तरा असताना गिऱ्हाईक वाद घालत नाही, त्यामुळे सलूनमध्ये सांगितलेलं लवकर पटतं. दुपारी त्याच्या खुर्चीत आमच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर बसले. बाटल्या भरता भरता या माणसाने अख्ख्या वॉर्डाचे आजार ओळखलेत, निदान त्याचं तरी तसं म्हणणं आहे.

“चार इंच? किती दिवसांत?” कंपाउंडरने विचारलं.

“एवढ्यातच,” सलूनवाला म्हणाला. त्याला काय माहीत.

कंपाउंडरने डोळे मिटले. “मग पोटात असणार.”

संध्याकाळपर्यंत ते पोटातून यकृतात गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर निरोप आला, खाली एक फूल काढलेलं: ‘आपल्या बाईंना गंभीर आजार झाला आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. त्यांना कळू देऊ नका. पुढे पाठवा.’ मला तो माझ्या मेहुण्याने पाठवला. मेहुणा आमच्या वॉर्डातच काय, आमच्या गावातही राहत नाही. ‘त्यांना कळू देऊ नका’ हे ज्याने कोणी घातलं, त्याची अक्कल मात्र मानली पाहिजे. सगळ्या वॉर्डाला माहीत झालं, जी एक व्यक्ती ते खोडून काढू शकत होती तिला सोडून.

आणि बाईंच्या सभा फुलल्या. पहिल्या सभेला साठ माणसं होती, चौथीला चारशे. दवाखाना पाडू देणार नाही असं बाई म्हणाल्या की पुढच्या रांगेतल्या बायका पदराला, रुमालाला, हाती येईल त्याला डोळे पुसत. कोणीतरी कुजबुजायचं, स्वतःसाठी थोडंच मागतेय बिचारी, आणि दुसरं कोणीतरी म्हणायचं, स्वतःसाठीच तर मागतेय, खाट लागणार ना तिला.

बाई बटण लावून घ्यायला दुकानात आल्या तेव्हा चेहरा नुसता फुलला होता. “मास्तर, लोक रडतात हो माझ्या भाषणाला. दवाखाना लोकांच्या इतका जिव्हाळ्याचा असेल असं मलाही वाटलं नव्हतं.”

मी बटण लावलं, दोरा तोडला आणि खाली बघून म्हणालो, “विषयच तसा आहे.”

त्याच दुपारी मी दोन्ही वह्या काढून शेजारी शेजारी ठेवल्या. जुन्या वहीत बाईंची छाती छत्तीस. नव्या वहीत चाळीस. बायको समोर बसून तुरपाई करत होती.

“हे चाळीस कुठून आलं?”

तिने सुई न थांबवता बघितलं. “छत्तीसला तुम्ही दर वेळी चार इंच सैल धरताच की कोटाला. मग म्हटलं, धरूनच लिहावं. तुमचा तेवढाच हिशेब वाचेल.”

झालं होतं ते असं. वहीत आम्ही नुसतं अंगाचं माप लिहितो. माणसाला हात हलवायला, श्वास घ्यायला जी जागा लागते ती कापड बेतताना वरून धरायची असते. बायकोने ती आधीच धरली आणि मी सवयीने पुन्हा धरली. बाईंचं अंग होतं तेवढंच होतं. एका कोटात दोन वेळा श्वास घ्यायची सोय झाली होती, बस.

मी सांगितलं तशी तिची सुई थांबली. तिच्या फोनवरही तो निरोप आला होता आणि तिनेही तो पाच जणींना पाठवला होता. “अहो, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा,” ती म्हणाली. “माझं नाव सांगा हवं तर.”

“वही तुझी असली तरी कात्री माझी होती.”

“मग तुमचं सांगा.”

मी उठलो, चपला घातल्या, दारापर्यंत गेलो. दारावर माझीच पाटी होती: ‘एकदा माप, कायमचं काम’. परत आलो. “हे बघ,” मी तिला म्हणालो, “गर्दी वाढतेय. बाईंचा फायदाच होतोय. मतदान झालं की सांगू. तोवर लोकांनी चार अश्रू जास्त ढाळले तर कोणाचं काय जातं?”

हे मी म्हणालो. आता सांगतानाही लाज वाटते, पण म्हणालो. कोट मागून आणून गुपचूप आत घ्यावेत असंही मनात आलं होतं. पण कोट मागायचे म्हणजे कारण सांगायचं आलं. तेही राहिलं. असे आठ दिवस मी गप्प बसलो आणि रोज स्वतःला सांगत राहिलो की हे मी बाईंसाठी करतोय.

त्यातल्याच पाचव्या दिवशी कंत्राटदाराची सभा होती. सुरुवातीला त्याने बाईंची टिंगल केली होती, तिकिटं चिकटवणाऱ्यांनी रस्ते बांधायला निघू नये वगैरे. मग मधले चार-पाच दिवस तो एकदम गप्प होता. त्या दिवशी तो माईकसमोर आला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“आजपासून मी बाईंविरुद्ध एक शब्द बोलणार नाही,” तो म्हणाला. “त्या मला मोठ्या बहिणीसारख्या. राजकारण येतं-जातं. या वयात माणसाला आराम हवा, आपली माणसं जवळ हवीत. मी मत मागायला आलेलो नाही. मी एवढंच मागतो, आपल्या बाईंना जपा.”

आणि तो खाली बसला. मी मागे उभा होतो. शोधून शोधून बघितलं, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. टाळ्या वाजल्या नाहीत. लोकांनी नाकं ओढली. मला मात्र तीस वर्षांत एक कळायला लागलंय, कापड कुठे फाटणार ते.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डाने बाईंना जपायला घेतलं. त्या जिना चढायला लागल्या की दोन माणसं धावत खाली यायची आणि म्हणायची, तुम्ही कशाला वर, आम्हीच खाली येतो, बसा. सभेत पाच मिनिटं बोलल्या की कोणीतरी पाण्याचा ग्लास आणून द्यायचं आणि हळूच माईक काढून घ्यायचं. सूपाचे डबे घरी जायला लागले. एकाच दिवसात बाईंच्या स्वयंपाकघरात अकरा डबे जमले.

सलूनवाला माझ्याकडे येऊन बसला. त्याचे डोळे खरंच लाल होते. “मास्तर, माझं मत बाईंनाच होतं. पण आता हात होत नाही हो. पाच वर्षं त्या खुर्चीत बसवायचं, मीटिंगा, भांडणं, मोर्चे. मारायचंच की तिला.”

“मग कोणाला देणार?”

“द्यावं लागेल त्यालाच. तो निदान तब्येतीने धडधाकट आहे.”

हे मी सलूनवाल्याकडून ऐकलं, इस्त्रीवालीकडून ऐकलं, शाळेच्या शिपायाकडून ऐकलं. बाईंवर ज्याचा जितका जीव तितका तो कंत्राटदाराकडे सरकलेला. जे बाईंना ओळखत नव्हते तेवढेच त्यांना मत द्यायला तयार होते, पण चौतीस वर्षं पोस्टात बसलेल्या बाईला न ओळखणारे वॉर्डात किती असणार?

मतदानाला तीन दिवस राहिले असताना बाईंना कळलं. कोणा एकीने दार उघडून त्यांना आत बसवलं, पायाखाली उशी ठेवली आणि विचारलं, मृत्युपत्र केलंत ना? बाई तिथून उठल्या त्या तडक दवाखान्यात गेल्या, डॉक्टरकडून सगळ्या तपासण्या करून घेतल्या, आणि ‘प्रकृती उत्तम’ असा दाखला छापून दुपारपर्यंत भिंतीभिंतीवर लावला.

कंपाउंडरने तो चष्मा वर करून वाचला. “काही नसेल तर दाखला कशाला लागतो? मी लावलाय का माझा?” थोडं थांबून तो म्हणाला, “आणि डॉक्टर कुठला? त्याच दवाखान्यातला. बाई पडल्या तर त्याचीही खुर्ची जाते.”

मग बाई माझ्याकडे आल्या. तपकिरी कोट अंगावर होता. त्या बाकड्यावर बसल्या नाहीत, टेबलासमोर उभ्या राहिल्या. “मास्तर, लोक म्हणतात मी झिजले. तुम्ही म्हणालात म्हणे. तुमच्याकडे माझं जुनं माप आहे. घ्या आज पुन्हा, आणि काय ते सांगा मला. डॉक्टरवर माझा विश्वास आहे, पण सकाळपासून मलाही आरशात भलतंच दिसायला लागलंय.”

मी टेप घेतला. बायको आतल्या दारात येऊन उभी राहिली. छाती छत्तीस, कंबर बत्तीस, खांदा पंधरा. जुन्या वहीतला एक आकडाही हलला नव्हता. मी दोन्ही वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि सांगितलं. चाळीस सांगितलं, चव्वेचाळीस सांगितलं, तुम्ही उतरलात असं का म्हणालो तेही सांगितलं.

बाईंनी आकडे वाचले. आधी त्यांना सुटल्यासारखं झालं, ते चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी विचारलं, “कधी कळलं तुम्हाला हे?”

“आठ दिवस... नऊ होतील.”

त्यांनी कोट काढला, नीट घडी केली आणि टेबलावर ठेवला. “चुकीच्या घरी पत्र पडलं तर आम्ही त्याच दिवशी जाऊन परत आणायचो, मास्तर. दुसऱ्या दिवसापर्यंत ते फोडलेलं असायचं.” ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “उद्या शेवटची सभा आहे. तिथे सांगाल?”

“सांगतो.”

त्या दिवशी मी दुसरं काही शिवलं नाही. राखाडी कोट उसवला, आत घेतला, खांदे उचलले, बाह्या वर घेतल्या. बाईंनी तो सभेला घातला आणि तो असा बसला की मला स्वतःचा अभिमान वाटला. अशा वेळीही वाटला, काय करणार.

सभेला हजारभर माणसं होती. मी आयुष्यात माईकसमोर उभा राहिलो नव्हतो. दोन वह्या एका हातात, टेप गळ्यात. म्हणालो, “बाई आजारी नाहीत. बाईंचं माप दोन वर्षांपूर्वी होतं तेच आज आहे. कोट मी चुकवला. सैल दोनदा धरलं. चूक माझी. ती मला नऊ दिवसांपूर्वी कळली, आणि माझं नाव जाईल म्हणून मी गप्प बसलो.” मी वह्या उघडून दाखवल्या. बाईंना पुढे बोलावून सगळ्यांसमोर टेप लावला आणि आकडा मोठ्याने वाचला.

मला वाटलं, आता कोणीतरी चप्पल फेकेल. मनातून मी तयार होतो, खरं तर वाटच बघत होतो.

मग मागून कोणीतरी हुंदका दिला. एकाने दिला तसा दुसऱ्याने दिला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून माझ्याजवळ आली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “तुझ्यासारखा भाऊ सगळ्यांना मिळो रे. स्वतःच्या नावावर घेतलंस.”

“आजी, मी खरं सांगतोय.”

“हो रे हो,” ती म्हणाली आणि माझी पाठ थोपटली.

सलूनवाला माईकजवळ आला, त्याचा आवाज फुटत होता. “तीस वर्षं मी मास्तरांच्या शेजारी आहे. यांच्या हातून एक बाही लहान-मोठी झालेली मी पाहिली नाही. हा माणूस म्हणतो माझी चूक. का म्हणतो, ते काय आपल्याला समजत नाही?” आणि टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी इतक्या टाळ्या पूर्वी कधी वाजल्या नव्हत्या. मी हात वर करून थांबवायला गेलो तर जास्तच वाजल्या.

नीट बसलेल्या कोटाचंही भलं झालं नाही. जाताना कंपाउंडर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, “कोट भरल्यासारखा वाटला ना आज? सूज आहे ती. शेवटी शेवटी येते.”

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात पाच नवीन गिऱ्हाइकं आली. त्यातला एक म्हणाला, असल्या माणसाकडेच कपडे शिवावेत. मी त्याचं माप तीनदा घेतलं. त्याला वाटलं, दुःखाने हात चालत नाहीयेत माझे.

मतदान शांततेत पार पडलं. रांगेत लोक एकमेकांशी हळू बोलत होते, जसे दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलतात. बाई सहाशे चाळीस मतांनी पडल्या. कंत्राटदाराने मिरवणूक काढली नाही, बाईंना मान देऊन. सगळ्या वॉर्डाला त्याचं कौतुक वाटलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि बायको बाईंकडे गेलो. घरात आठ-दहा माणसं आधीच बसली होती, सगळी समाधानाने सुस्कारे टाकत. तुम्ही आता फक्त आराम करायचा, असं जो तो बाईंना सांगत होता. बाई स्वयंपाकघरातून सहा भरलेल्या कपांचा ट्रे स्वतः उचलून घेऊन आल्या, एकाने उठून घ्यायला हात पुढे केला तर त्याला खांद्याने बाजूला सारून. एक थेंब बशीत सांडला नाही.

माणसं गेल्यावर त्यांनी एक कागद काढला. मतदान केंद्रांप्रमाणे मतं लिहिली होती, पेन्सिलीने बाजूला खुणा. “आपल्या गल्लीत मला सत्त्याण्णव पडली,” त्या म्हणाल्या. “बसल्या बसल्या नावं काढतेय, कोणी दिली असतील. पन्नास-एक जमली. तुमची दोन धरून.”

“दोन, अर्थातच,” मी म्हणालो. निदान एवढं तरी मी ताठ मानेने म्हणू शकत होतो.

बाईंनी मान हलवली. “लोक काय हो, लोकांना ठाऊक नव्हतं. पण ज्यांना ठाऊक होतं त्यांनी तरी दिली, याचंच बरं वाटतं.” बायको चहाच्या कपात बघत होती. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “वहीचं मनाला लावून घेऊ नका हं. अक्षर मात्र छान आहे तुमचं.”

आम्ही बाहेर पडलो. कोपरा वळल्यावर बायको म्हणाली, “एक.”

“काय एक?”

“आपल्या घरचं मत. एकच.”

मी उभाच राहिलो. “अगं, वही तुझी. तो चाळीस तू स्वतःच्या हाताने लिहिलास. ही चूक कुठून आली हे या जगात तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?”

“माहीत आहे हो मला,” ती म्हणाली. “तुम्हाला मीच म्हणाले ना, जाऊन सांगा म्हणून? आत गेले तेव्हा बाईंनाच मत देणार होते. पण मग वाटलं, इतकी माणसं म्हणतात. माझा आकडा चुकला असेल, पण सगळ्या वॉर्डाचं काहीच खरं नसेल असं कसं? आणि असलंच काही, तर उगाच आपल्या मताने तिच्या जिवाला घोर नको.”

“आणि दवाखाना?”

“वर ठेवणार आहेत ना तो.”

“गुडघ्यावर हात ठेवून तू घरातल्या दोन पायऱ्या चढतेस.”

मला इतका राग आला होता की तिला तिथेच सोडून पुढे निघून जावं असं वाटलं. पण रागावणार कुठल्या तोंडाने? मी नऊ दिवस तोंड शिवून बसलो ते माझ्या पाटीसाठी. ही चुकली ती निदान बाईंच्या काळजीने.

म्हणून मी तिला पहिल्यापासून समजावायला सुरुवात केली. छत्तीस कसे, चाळीस कसे, डॉक्टरचा दाखला, माझा टेप, एकेक गोष्ट धरून. ती हो हो म्हणत चालत होती. बोलता बोलता माझ्या डोळ्यांसमोर मघाचा तो ट्रे आला, बाईंच्या हातातला. ट्रे टेबलावर ठेवताना एक चमचा किणकिणला होता. किणकिणला होता, एवढं नक्की. नाहीतरी बाई जरा पिवळ्याच दिसत होत्या, पण तो दिव्याचा उजेड असेल. मी बोलायचा थांबलो. आणि मग मीच तिला विचारलं, “ट्रे ठेवताना बाईंचा हात थरथरला का गं जरा?”

ती चालता चालता थांबली आणि माझ्याकडे वळली. आवाज खाली आणून म्हणाली, “तुम्हालाही दिसलं?”